दुरुस्त न केलेली मधुमालती

अक्का,

तुझं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसले होते आणि फोनवर सूचना आली, ‘तुमच्या आवडत्या लेखिका मधुमालती यांची नवी कादंबरी प्रकाशित झाली आहे.’

रडू नंतर आलं. आधी राग आला. मधुमालती म्हणजे बनशंकरीतल्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी शकूअक्का, हे तू, मी आणि तुझे यजमान वासुअण्णा एवढ्यांनाच ठाऊक होतं. त्यातली तू गेलीस. मी काही केलं नव्हतं. आणि अण्णांनी आयुष्यात तुझी एक ओळ वाचली नव्हती, हे तर तूच मला हसत हसत सांगायचीस.

मग हे पुस्तक आलं कुठून?

संशय घेण्याचाच पगार मिळतो मला, तुला माहीत आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात पडण्याआधी त्यात खोट कुठे आहे ते शोधायचं. दिवसभर तेच केलं की ते घरीही येतं. भाजीवाला उगाच जास्त कोथिंबीर देतो तेव्हासुद्धा मला वाटतं, आतल्या जुड्या पिवळ्या असणार. त्या सकाळी बसमध्ये मी एकेकाला धरून तपासत होते. तुझं खातं कुणी फोडलं असेल. हल्ली मशीनला तुझी चार पुस्तकं भरवली की ते पाचवं काढून देतं, तसं कुणीतरी केलं असेल. खात्याचा पासवर्ड मला पाठ होता. तो घालून पाहिला. चुकीचा आहे, असं उत्तर आलं. कुणीतरी बदलला होता.

मुखपृष्ठ तर बघवत नव्हतं. तुझ्या मुखपृष्ठांवर नेहमी मावळतीचं आभाळ आणि पाठमोरं जोडपं. इथे बसस्टॉपचा एक तिरका फोटो होता, पाटीवर कानडीत आनेकल लिहिलेलं, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट आलेलं.

आपली ओळखही संशयातूनच झाली होती. मी लग्न होऊन पुण्याहून या कानडी शहरात नवी आले होते, दाढ ठणकत होती, गालावर रुमाल धरून तुझ्या टेबलापुढे उभी होते आणि आईशी फोनवर बोलत होते. तू रजिस्टरमधून मान वर केलीस. "पुण्याची काय?" मी मान हलवली. "बस की. डॉक्टरांना स्वल्प वेळ लागेल." मग तू माझ्याकडे इतकी टक लावून बघत बसलीस, की मला वाटलं ही बाई आता विमा विकणार. दाढ भरून बाहेर आले तर तू दारापर्यंत आलीस आणि हळूच म्हणालीस, "माझं एक काम करशील? सुम्मने, वाचून द्यायचं."

सुम्मने. उगाच, सहज, फुकट, काही न घेता न देता, असे सगळे अर्थ तू त्या एका कानडी शब्दात घालायचीस. तेव्हा मला तो कळला नव्हता. कळला असता तर आणखी संशय आला असता.

तू आमच्याच वरच्या मजल्यावर राहतेस हे कळल्यावरही मी तुम्हाला, तुमचं करत होते. तू म्हणालीस, "अक्काला कुणी तुम्ही म्हणतं का गं?"

एका ॲपवर तू रोज थोडी थोडी गोष्ट टाकायचीस. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, टेबलाखाली फोन धरून. तुझी माणसं चारेकशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली, पण घरात मराठी टिकली, म्हणून तू मराठीत लिहिलंस. पहिल्याच गोष्टीखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे कुठलं मराठी? आधी भाषा शिका, मग प्रेम करा.’ त्यानंतर खूप दिवस तू काहीच लिहिलं नव्हतंस. मला ती टिप्पणी दाखवताना तू हसत होतीस, पण ती तू फोनमध्ये जपून ठेवली होतीस, हे मी पाहिलं.

मग आपलं सुरू झालं. तू लिहायचीस, मी ‘स्वल्प’चं ‘जरा’ करायचे, ‘सरी’चं ‘बरं’ करायचे. रविवारी तुझ्या स्वयंपाकघरात, तू डोसे घालताना. वासुअण्णा होसकोट्याच्या कारखान्यात होते, कंपनीच्या बसनं अंधारात जायचे आणि अंधारात यायचे. निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. आपलं हसणं फार वाढलं की विचारायचे, "काय झालं?" तू ओरडायचीस, "काही नाही, सुम्मने!"

मधुमालती हे नाव तूच काढलंस. मी म्हणाले, फार जुनाट वाटतं. तू म्हणालीस, "जुनाट असू दे. ही बाई पुण्यात बंगल्यात राहते, असं वाटलं पाहिजे."

ॲपवरून तू ई-पुस्तकांवर आलीस. मुखपृष्ठ कसं करायचं, मागचा मजकूर किती लांब ठेवायचा, सणाच्या आठवड्यात किंमत कधी उतरवायची, सगळं स्वतः शिकलीस. मग मागणीनुसार छापून देणारा एक जण शोधलास आणि पहिली छापील प्रत घरी आली. ती तू कपाटात साड्यांच्या खाली ठेवलीस. नागपूरच्या, साताऱ्याच्या बायका तुला लिहायच्या. एकीनं लिहिलं होतं, माझा नवरा तुमच्या नायकासारखा निघाला असता तर! तू ते मला मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि बाहेरच्या खोलीकडे पाहून आवाज एकदम खाली आणलास.

तुझ्या नायकाबद्दल मला कायम संशय होता. नावं बदलायची, माणूस एकच. कमी बोलणारा, पण तिनं न सांगता तिला काय हवं ते ओळखणारा. तिच्या हातातली पिशवी न विचारता घेणारा. आणि दात फार सुंदर. मी एकदा विचारलंच, "अक्का, कोण आहे हा?" तू तव्यावर पाणी मारलंस. "दिवसभर उघडी तोंडं बघतो आपण. उघड्या तोंडाचा कुणी हिरो असतो का? म्हणून घरी येऊन बंद तोंडाचा एक तयार करते."

उत्तर छान होतं. छान उत्तरांवर माझा विश्वास बसत नाही.

आणि मग पुण्याच्या त्या प्रकाशकाचा फोन. तुझी सगळी पुस्तकं काढतो म्हणाले, फक्त वाचकांच्या मेळाव्याला या, चार शब्द बोला. तू त्यांच्यावर संशय घेतलास, नुसता फोन आला तरी आवाज बसल्याचं सोंग केलंस आणि मला बोलायला लावलंस. मी मात्र खूश होते. तिकिटं काढली, सुट्टी घेतली. यशवंतपूरच्या फलाटावर गाडी लागली, आणि तू बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिलीस.

"वृंदा, मला ताप आल्यासारखं वाटतंय."

मी कपाळाला हात लावला. थंड होतं. "अक्का, चल. मी आहे ना."

"तू माझं लिहिलेलं दुरुस्त करतेस. माझं तोंड कोण दुरुस्त करणार? तिथे उभी राहून मी एक वाक्य बोललो की मधुमालती मेली."

गाडी गेली. परतताना मेट्रोत मी तुझ्याशी भांडले. म्हणाले, मग बोलतेस तसंच लिही की. एक तरी पुस्तक तुझ्या घरच्या मराठीत लिही, बघू कोण काय म्हणतं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आणि वाचणार कोण? तू?" मी म्हणाले, "हो, मी." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जशी मी भाजीवाल्याच्या कोथिंबिरीकडे बघते.

ते भांडण पुढे कधी संपलंच नाही. नवं पुस्तक आलं की मी ते काढायचे आणि तू डोशाची बाजू बदलायचीस.

मग छातीचं दुखणं निघालं, आणि तू मला दाराबाहेर ठेवलंस. मी खरंच सांगते, त्याचा राग अजून गेलेला नाही. जिना चढून यावं तर वासुअण्णा दार अर्धवट उघडून दारातच उभे. "झोपलीये." आणि आतून तुझा आवाज ऐकू यायचा. अडखळत, धापा टाकत, पण सलग. कुणाशी बोलत होतीस? आत दुसरं कुणी नव्हतं, चपला मी पाहिल्या होत्या. मी अण्णांकडे पाहिलं की ते नजर चुकवायचे. मला वाटलं, तुला भ्रम व्हायला लागलाय आणि ते लपवताहेत. मग वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय. काय काय वाटलं ते लिहीत नाही.

तू गेलीस त्यानंतरच्या दिवसांत तर माझी खात्रीच पटली. माणसं भेटायला येत होती, तुझ्या दवाखान्याच्या डॉक्टर येऊन रडून गेल्या, आणि वासुअण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोनमध्ये डोकं घालून. कुणी खांद्यावर हात ठेवला की मान वर करायचे, हात जोडायचे, पुन्हा फोन. तुझ्या जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ की, बायको गेली आणि हे काय?" माझ्याही मनात तेच होतं.

म्हणून त्या सकाळी, पुस्तकाची सूचना आली तेव्हा, दुपारपर्यंत माझा निकाल लागला होता. अण्णा. तुझ्या नावावर कुणाला तरी हाताशी धरून काहीतरी लिहवून घेतलंय, आणि तू थंड होतेस न होतेस तोच विकायला काढलंय.

मग जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं.

आनेकलच्या कपड्याच्या कारखान्यातली सुमित्रा, पन्नाशीची, विधवा, शिलाईच्या रांगेवरची सुपरवायझर. आणि तिच्या बसचा कंडक्टर नागेश. पहिल्याच पानावर तो तिला म्हणतो, "स्वल्प पुढे सरका की अक्का." ती म्हणते, "अक्का कुणाला म्हणतो रे, तुझे केस बघ." मी डबा तसाच ठेवला. हे मशीन लिहीत नाही, अक्का. कुठल्याही भाड्याच्या माणसाला हे येत नाही. ‘सुम्मने’ होतं, ‘सरी’ होतं, ‘अय्यो’ होतं, आणि त्यांच्यामध्ये तू होतीस. श्वास घ्यायला थांबतेस तिथे वाक्यं थांबत होती. नागेशचे दात पुढे आलेले होते. पिशवी घ्यायला गेला तर सुमित्रा ती ओढून धरायची, आणि ती फाटून टोमॅटो बसभर व्हायचे.

हे तुझं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे. मी त्यातला एक शब्द पाहिला नव्हता.

शेवटच्या प्रकरणात मात्र पुन्हा माझे कान टवकारले. वाक्यं आखूड झाली होती. ‘बस थांबली. ती उतरली. नागेशही उतरला.’ तू अशी लिहीत नाहीस. शेवटच्या ओळीत नागेश विचारतो, "मी येऊ का?" आणि पुस्तक तिथेच संपतं. सुमित्रा उत्तर देत नाही. तुझ्या कुठल्या पुस्तकात नायिकेनं उत्तर दिलं नाही?

संध्याकाळी घरी न जाता सरळ वरच्या मजल्यावर गेले. अण्णा टेबलाशी अवरेच्या, म्हणजे आपल्या वालाच्या, शेंगा सोलत होते. दार उघडंच होतं.

"अण्णा, पुस्तक कुणी टाकलं?"

"मी," ते म्हणाले. काही न लपवता. "कुठलं बटण दाबायचं ते तिनं दाखवून ठेवलं होतं. फोटो पण मीच काढला. आनेकलला जाऊन. चांगला नाही आला."

"आणि लिहिलं कुणी?"

"ती बोलायची, मी टाइप करायचो. या बोटानं." त्यांनी शेंगेनं हिरवं झालेलं बोट दाखवलं. "तू दारात यायचीस तेव्हा तेच चाललेलं असायचं. मी दार उघडायला उठलो तरी ती बोलायची थांबायची नाही."

मी खुर्ची ओढून बसले. "मला का नाही सांगितलं?"

अण्णांनी थोडा वेळ शेंगा सोलल्या. "ती म्हणाली, वृंदाला कळलं तर ती दुरुस्त करेल. पासवर्ड पण बदलायला लावला."

"पण मीच तर तिला सांगत होते, असं लिही म्हणून!"

"ते पण म्हणाली ती. म्हणाली, वृंदा सांगते ते बरोबर आहे, पण कागद हातात आला की तिचा हात थांबत नाही."

हे खरं नाही, अक्का. मला वाटतं, हे खरं नाही. तू एकदा विचारून तरी बघायचंस.

"शेवटचं प्रकरण तिचं नाही," मी म्हणाले. जरा जोरातच.

अण्णांचा हात थांबला. "कळलं काय?" मग म्हणाले, "बोलणं बंद झालं तेव्हा दोघं बसमध्येच होती. मला हातानं खूण केली, पुढचं तू कर. मी काय करणार? मी एक पुस्तक वाचलेलं नाही. म्हणून मग बसून तिची सगळी वाचली. पहिल्यापासून. शेवट कसा करते ते कळायला. माणसं येत होती, मला लाज वाटायची, पण थांबलो असतो तर ते राहूनच गेलं असतं."

मी खाली बघितलं. परातीतली एक शेंग उचलून मीही सोलायला लागले.

"सगळ्या पुस्तकांत शेवटी ती हो म्हणते," अण्णा म्हणाले. "मला ते लिहिता येईना. मी विचारलं असतं तर ही काय म्हणाली असती, हे मला कुठे ठाऊक आहे? मी कधी विचारलंच नाही. आमचं लग्न मोठ्यांनी ठरवलं." मग त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. "वृंदा, तू सगळी पुस्तकं वाचलीस, दोनदा-दोनदा. खरं सांग. तो माणूस कोण?"

"कुठला?"

"तोच. पिशवी घेणारा. माझ्यासारखा कुठेच नाही तो. कुणीतरी असेल की."

अक्का, तुला सांगते, संशय घेणं सोपं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यात तो बघणं फार कठीण. तिथे बसलेला माणूस तेरा दिवस तुझी पुस्तकं वाचत होता आणि प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणाला तरी शोधत होता.

"कुणी नव्हता," मी म्हणाले. "मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, दिवसभर उघडी तोंडं बघते, म्हणून घरी येऊन एक तयार करते."

"तू विश्वास ठेवलास?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हणाले. "पण दुसरं काही मला कधी सापडलं नाही. आणि शोधण्यात मी कमी पडत नाही."

अण्णांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. म्हणाले, "लोक काय म्हणतात बघ जरा, मला ते उघडता येत नाही." मी फोन काढला. एकानं लिहिलं होतं, शुद्धलेखन तपासून घ्यायला हवं होतं. दोघींना शेवट आवडला नव्हता; पैसे परत मागत होत्या. आणि होसकोट्याच्या एका बाईनं लिहिलं होतं, ‘आमच्या घरात असंच बोलतात. पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं. माझ्या सासूबाईंना वाचून दाखवतेय, त्या थांबू देत नाहीत.’ ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि शर्टाला पुसला.

"शेवटी शेवटी फार दम लागायचा तिला," ते म्हणाले. "मी म्हणायचो, नको, राहू दे. डॉक्टर म्हणाले होते, बोलू नका म्हणून. पण बोटं चालत नाहीत म्हणायची, टाइप करता येत नाही म्हणायची. मग काय करणार. सुमित्राचं सगळं माझ्याकडे बघून बोलायची. मला तोंड वर करायला लाज वाटायची."

बोटं चालत नाहीत.

मी फोनकडे पाहिलं. तो माझ्या हातातच होता. त्यात तुझे संदेश होते, त्याच दिवसांतले. मला वर येऊ नको म्हणून सांगणारे. ‘आज नको गं, डॉक्टर यायचेत.’ ‘तू पाठवलेल्या डब्यातल्या चटणीत मीठ कमी पडलंय, तुझ्या सासूला सांगू नकोस.’ चांगले लांब लांब, कुठे अक्षर चुकलेलं नाही, कुठे मात्रा राहिलेली नाही. एक तर इतका मोठा होता की मी तो बसमध्ये दोन स्टॉप वाचत होते.

सांगावं की नाही, मला कळेना. तू ते लपवलं होतंस, म्हणजे तुला ते लपवायचं होतं. पण पुस्तक लपवताना तू मला विचारलं नव्हतंस, मग मीही तुला विचारलं नाही. फोन टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे सरकवला.

अण्णांनी चष्मा लावला. एकेक संदेश बोट लावून वाचला. तारीख पाहिली. पुन्हा वर जाऊन तारीख पाहिली.

"हे तिनं टाइप केलं?"

"हो."

"त्याच दिवसांत?"

"हो, अण्णा."

"म्हणजे येत होतं तिला."

त्यांनी तुझ्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथे पलंगाशेजारी टाइप करायला बसायची त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची अजून तशीच होती.

"कळ्ळी," ते म्हणाले. चोरटी. आणि मग वासुअण्णा, तुझ्या कुठल्याही नायकाला शोभणार नाही असे, तोंड उघडं टाकून रडायला लागले.